किरानोला कोणी काहीच का विचारत नाही?

आज दुपारी दहा वर्षांच्या भाचीसोबत 'थंडरबर्ड्स'चा पहिला भाग पाहिला. १९६५ची ब्रिटिश मालिका, सगळी पात्रं कठपुतळ्या. ट्रेसी कुटुंबातले बाप-लेक गुप्तपणे, खास यानांतून लोकांना संकटातून वाचवतात; स्कॉट हा त्यातलाच एक मुलगा. बॉम्ब लावलेलं फायरफ्लॅश विमान उतरायला लागलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता.

पण तिचे प्रश्न! "मामा, ह्यांची संघटना गुप्त आहे ना? मग स्कॉट चेहरा न झाकता थेट विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये कसा जातो?" खरंय. फोटो काढणारा कॅमेरा ओळखायची यंत्रणा यानात आहे, पण माणसांचे डोळे? आणि किरानो, ट्रेसींच्या घरचा नोकर. खलनायक हूड दुरून त्याच्या मनाचा ताबा घेतो, तो कळवळून कोसळतो, आणि घरात कोणी खोलात जाऊन चौकशी करत नाही. हे भगदाड मला लहानपणीही बोचायचं. किरानोची काळजी वाटायची.

ती मग म्हणाली, "हे चालत का नाहीत? सारखे खुर्चीत नाहीतर गाडीत." ह्याचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. दोऱ्यांवरच्या बाहुल्यांना नीट चालवणं फार अवघड, म्हणून सरकते सोफे, घसरगुंड्या, उडत्या गाड्या. ज्याला आपण कथेतला विचित्रपणा समजतो तो कारागिरांनी शोधलेला मार्ग होता. हे ऐकून तिने यानाच्या उड्डाणाचा प्रसंग मागे नेऊन तीनदा पाहिला, दोऱ्या दिसतात का ते शोधत.

दोन ठिकाणी सापडल्या. फार आनंद झाला तिला.