पेला आधी उलटा करा

प्रागमधल्या जवळपास प्रत्येक जुन्या वस्तूंच्या दुकानात लालभडक काचेचा पेला असतो. त्यावर हरीण, चार झाडं, एखादा किल्ला, आणि खाली चिठ्ठी: ‘19 वे शतक’. या चिठ्ठीचा मला मनापासून राग येतो. दुकानदार दरवेळी खोटं बोलतो असं नाही, पण त्या हरणाला मरणच नाही! फ्रीडरिख एगरमान या काच कारागिराने बोहेमियातल्या नोव्ही बोरला, म्हणजे तेव्हाच्या हाइडात, 1830 च्या दशकात तांब्याच्या संयुगाने काचेला लाल मुलामा चढवायची रीत बसवली. तसे पेले पुढे 20 व्या शतकातही ढिगाने झाले. त्यामुळे रंगावरून काळ ठरत नाही, हरणावरून तर नाहीच.

इथला जाणकार पेला हातात आला की आधी उलटा करतो. तळाच्या मधोमध, सळईवरून पेला तोडल्याचा व्रण असतो. चांगल्या कामात तो घासून गुळगुळीत खळगी करतात किंवा त्यावर चांदणी कापतात. नुसत्या खळगीवर भाळू नका, ती आजही करतात. खरी साक्ष झिजेची. टॉर्च आडवा धरा, दहापट भिंग लावा. पेला जिथे टेबलावर टेकतो तेवढ्याच कड्यावर ओरखडे हवेत, लहानमोठे आणि वाट्टेल त्या दिशांना गेलेले. सगळे एकाच दिशेने असतील किंवा खळगीच्या आतही पोचले असतील, तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवलाय.

मग कापलेली कड पाहा. मुलाम्याचा रंग कातडीइतका पातळ. कोरलेल्या जागी तो संपतो आणि लगेच बिनरंगी काच लागते, मध्ये पायरी दिसत नाही. रंगीत काचेचा थरच चढवलेला असेल तर कापलेल्या उतारावर त्याची जाडी स्पष्ट दिसते. दुसरं काम महाग, आणि गफलत नेमकी इथेच होते: मुलाम्याला थर म्हणून विकतात. वरची कडही बोटाने तपासा. नक्षीची पट्टी तिच्या अगदी लगत आली असेल, तर टवका उडाल्यावर कड घासून खाली आणलेली असू शकते.

अंधारात जांभळ्या (अतिनील) दिव्याखाली पेला हिरवा झळकला तर काचेत युरेनियम. बोहेमियातल्या रीडेल घराण्याची ही पिवळी-हिरवी काच 1830 च्या दशकापासूनची, पण युरेनियमची काच नंतरही होत राहिली.

काचेवर लिहिलेल्या सालाचं काय? आपल्याकडे पितळी तांब्यावर ठोकून घातलेलं नाव आणि तारीख सहसा खरी असते, कारण ती कुणाच्या तरी लग्नातली किंवा बारशातली. इथल्या उंच, मिन्याच्या रंगांनी चितारलेल्या हुम्पेन पेल्यावर मात्र ‘1606’ असलं तरी तो 1880 चा निघू शकतो. त्या काळात जुन्या घाटाची हौस होती आणि नक्कल करणारे सालासकट नक्कल करत. या बाबतीत आपले कासार जास्त प्रामाणिक, असं म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही. ‘तुम्ही लोक जुनं जपत नाही’ हे इथल्या लोकांकडून ऐकायची मला सवय झाली आहे. पण पितळ मोडीत घालून पैसे येतात, फुटक्या पेल्याचे कोण देतं? काच कपाटात राहिली यात जपणुकीपेक्षा नाइलाजही असेल. शिवाय इथल्याच याब्लोनेत्सच्या बांगड्या बोटी भरून हिंदुस्थानात येत होत्या. तेव्हा या काचेचं आम्हाला फार अप्रूप नको.

दोन भिंतींमध्ये सोन्याचा वर्ख असलेला, बाहेरून पैलू पाडलेला पेला दिसला तर श्वास रोखा. त्यांचा बहराचा काळ 1730 ते 1740 च्या आसपासचा. कडेच्या किंचित खाली नखाला सांधा लागतो. असा पेला पाण्यात बुडवू नका. सांध्यातून ओल शिरली की वर्ख सुटतो.

तळावर ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर 1918 नंतरचा, विषय संपला. काहीच नसेल तर त्यावरून काहीच कळत नाही, कारण कागदी लेबलं निघून जातात. आणि घरच्यांना लालच हवा असेल, तर नवा घ्या आणि नवा म्हणूनच द्या.