फ्लॉइड रोझ आणि सहा तारांचं राजकारण

इलेक्ट्रिक गिटारवरचा फ्लॉइड रोझ ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग) तरंगता असतो. एकीकडून तारा ओढतात, दुसरीकडून पाठीमागच्या स्प्रिंगा. म्हणून जाड ई तारेचा सूर चढवला की बाकीच्या पाच तारांचे सूर उतरतात. (रुसवे सांभाळायचे!) मी तारा एकेक करूनच बदलतो, नट (मानेच्या टोकाशी तारा लॉक करणारा भाग) कसण्याआधी प्रत्येक तार हाताने भरपूर ताणतो आणि फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे, सूर बारीक जुळवायचे स्क्रू) मधोमध ठेवतो, नाहीतर लॉक केल्यावर फिरवायला जागाच उरत नाही.

सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची असलेल्या सेटवरून ०.०१० इंचाच्या, म्हणजे जाड सेटवर गेलं की ब्रिज वर उचलला जातो. मग स्प्रिंगांचे स्क्रू थोडे कसा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा कसा, ब्रिज बॉडीला समांतर होईपर्यंत. कंटाळवाणंच आहे. तरीही बार (ब्रिज हलवायची दांडी) दाबल्यावर सूर जागेवर येत नसेल, तर ब्रिज ज्यांवर झुलतो त्या त्याच्या धारदार कडा झिजल्यात का बघा.