आधी हीटर, मग स्टार्ट

आषाढात साक्रीजवळच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर वारा दम घेत नाही. पवनचक्की वर्षाची कमाई करते ती याच दिवसांत, आणि नेमकी तेव्हाच आमची एक मशीन बंद पडली. टॉवरच्या बुडाशी कन्व्हर्टरचं, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या यंत्रणेचं, पॅनेल उघडलं तर जळकट वास. रात्रभर ग्रिड गेली होती, पॅनेलमधला हीटर बंद, आत दव धरलं होतं. सप्लाय आल्या आल्या मशीन चालू केली गेली आणि जनरेटरच्या फिरत्या भागाच्या, म्हणजे रोटरच्या, बाजूचं आयजीबीटी मॉड्यूल (करंट झपाट्याने चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) फुटलं.

ब्रेकर पाडून कुलूप लावलं, तरी लगेच हात घालायचा नसतो. डीसी लिंकचे, म्हणजे कन्व्हर्टरच्या मधल्या डीसी भागाचे, कपॅसिटर हजारभर व्होल्ट धरून बसलेले असतात. थांबलो. मीटर आधी चालू सप्लायवर तपासला, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. मग डीसी लिंकवर लावला: ४० व्होल्ट. "दादा, वारा चाललाय वाया," जोडीदार म्हणाला. त्याचं खरं होतं, पण पुन्हा थांबलो. शून्य झाल्यावरच बोल्ट सैल केले.

मॉड्यूलची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक पुसून थर्मल पेस्टचा अगदी पातळ, सारखा थर दिला. जाड झाला तर उष्णता अडते. बोल्ट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने, दोन फेऱ्यांत. त्यानंतर चार तास नुसता हीटर.

ही मशीन डीएफआयजी, म्हणजे स्टेटर आणि रोटर दोन्हीकडून ग्रिडशी जोडलेला जनरेटर. स्टेटर, म्हणजे स्थिर भाग, ६९० व्होल्टवर थेट ग्रिडला, कन्व्हर्टर फक्त रोटरला, म्हणून त्याला क्षमतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच पॉवर पेलावी लागते. डीसी लिंक रेझिस्टरमधून हळूहळू भरली. जनरेटर १२०० आरपीएमवर आला. चार पोलच्या या मशीनचा सिंक्रोनस वेग, म्हणजे ग्रिडच्या ५० हर्ट्झशी जुळणारा वेग, १५००; म्हणजे स्लिप, त्या वेगापासूनचा फरक, २० टक्के. कन्व्हर्टरने रोटरला १० हर्ट्झचा करंट दिला, तेव्हा स्टेटरवर बरोबर ५० हर्ट्झ उभे राहिले. व्होल्टेज, फेज जुळले आणि कॉन्टॅक्टर धाडकन बसला. संध्याकाळी वेग १८०० झाला. रोटरला तेच १० हर्ट्झ, पण फेजचा क्रम उलटा, आणि आता रोटरही ग्रिडला वीज देत होता. हे पुस्तकात शिकलो होतो. त्या दिवशी स्क्रीनवर पाहताना अंगावर काटा आला.

पुढच्या आठवड्यात ग्रिड पुन्हा गेली. सप्लाय पहाटे आला. हीटर लावून ठेवला आणि मशीन दहा वाजता चालू केली.