थर्मोस्टॅट बदलतेय: निळी वायर, झेड-वेव्ह आणि आईची खोली

ऑक्टोबर, दुसरा आठवडा

दिवे, पडदे, बेसमेंटमधले पाणीगळतीचे सेन्सर, सगळं तीन वर्षांत होम असिस्टंटवर (घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) आलं. घराचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट तेवढा राहिला होता. यंदा तो बदलायचाच, कारण डिसेंबरात आई साताऱ्याहून इकडे न्यू जर्सीला येतेय आणि तिला देणार ती खोली घरातली सगळ्यात गार. थर्मोस्टॅट आहे खालच्या पॅसेजमध्ये. तिथे ६८ फॅरनहाइट झाले की फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) बंद होते. त्या वेळी वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत जेमतेम ६३ असतात, म्हणजे आईच्या हिशेबाने १७ अंश.

मॉडेलं बघायच्या आधीच वहीत अट लिहून ठेवली: इंटरनेट गेलं तरी घर गरम झालं पाहिजे, आणि माझा रास्पबेरी पाय (होम असिस्टंट ज्यावर चालतो तो छोटा संगणक) बंद पडला तरीही झालं पाहिजे.

ही अट उगाच नाही. थर्मोस्टॅट भिंतीवर सहज दहा-पंधरा वर्षं टिकतो, त्यामागचा क्लाउड (कंपनीचे इंटरनेटवरचे सर्व्हर) तेवढा टिकेलच असं नाही. गूगलच्या नेस्ट थर्मोस्टॅटला बाहेरचं सॉफ्टवेअर ‘वर्क्स विथ नेस्ट’मधून जोडता यायचं. गूगलने ती नवी जोडणी २०१९ मध्ये बंद केली, नंतर पाच डॉलर भरून नोंदणी करायचा नवा रस्ता दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेस्ट लर्निंगच्या पहिल्या दोन पिढ्या ॲपमधून बाहेर पडल्या. भिंतीवर हाताने त्या चालतात, पण आपल्याला ऑटोमेशन हवं असतं. ईकोबी या दुसऱ्या थर्मोस्टॅट कंपनीने २०२४ मध्ये नव्या डेव्हलपर की (बाहेरच्या सॉफ्टवेअरला जोडणीसाठी लागणारे परवाने) देणं थांबवलं. तरी ईकोबीला अजून एक दार आहे, होमकिट या ॲपलच्या स्मार्ट-होम व्यवस्थेचं. त्यातून होम असिस्टंट घरच्या नेटवर्कवरच थेट त्याच्याशी बोलतो, ॲपलचा फोन असायलाच हवा असंही नाही. फक्त एका वेळी एकाच कंट्रोलरशी जोडी जमते.

ईकोबीवर माझं मन जवळजवळ बसलं होतं. शेवटी घेतला हनीवेलचा टी-सिक्स प्रो, झेड-वेव्हवाला (झेड-वेव्ह म्हणजे घरातल्या उपकरणांनी आपसांत बोलायची रेडिओ पद्धत). दिसायला साधा आहे, वायफाय नाही, खातं उघडायचं नाही. एसीचा काँप्रेसर बंद झाल्यावर लगेच पुन्हा सुरू होऊ न देणं, गरम-गारचं वेळापत्रक, हे सगळं त्याच्या स्वतःच्या डोक्यात आहे. होम असिस्टंट त्याला फक्त ‘आता ६९ ठेव’ एवढंच सांगतो. मला नेमकं हेच हवं होतं. (इकडून भारतात झेड-वेव्हची वस्तू नेणार असाल तर थांबा. अमेरिकेत ती ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालते, भारतात ८६५ च्या आसपास. दोघांची गाठ पडत नाही.)

ऑक्टोबर, शेवटचा रविवार

जुन्याचं झाकण काढलं. आत अक्षरं लिहिलेले स्क्रू: आर (वीज) वर लाल, डब्ल्यू (गरम) वर पांढरी, वाय (गार) वर पिवळी, जी (पंखा) वर हिरवी. सी चा स्क्रू मोकळा. भोकात टॉर्च मारली तर आत एक निळी वायर स्वतःभोवतीच गुंडाळून ठेवलेली, टोक सोललेलंही नाही. इतका आनंद झाला की जिन्यावरून धावत बेसमेंटमध्ये गेले. फर्नेसच्या बोर्डापाशीही ती तशीच, कुठेच न जोडलेली. सी म्हणजे २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची परतीची वायर, थर्मोस्टॅटला सतत वीज मिळते ती हिच्यामुळे. टी-सिक्स नुसत्या बॅटरीवरही चालतो, पण सी वर असला की झेड-वेव्हचे निरोप पुढेही पोचवतो. घराच्या मधोमध असा एक रिपीटर, म्हणजे निरोप पुढे पोचवणारा, मिळणं ही मोठी सोय.

ब्रेकर पाडून बोर्डावर निळी जोडली, वीज सुरू केली आणि भिंतीपाशी मीटर लावला. आर आणि सी मध्ये २७ व्होल्ट. इथे चूक झाली. मोजून झाल्यावर पुन्हा खाली जाऊन ब्रेकर पाडायचा कंटाळा केला. लाल वायर नव्या पट्टीत सरकवताना निळीला टेकली, बारीक ठिणगी उडाली आणि फर्नेस गप्प. बोर्डावरचा जांभळा तीन अँपिअरचा फ्यूज गेला होता. गाडीत असतो तसलाच असल्यामुळे गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाला, पण दुकान उघडलं सकाळी आणि रात्री बाहेर ३८ फॅरनहाइट होते. मुलांना आमच्या खोलीत झोपवलं. आता फ्यूजचं पाकीट फर्नेसच्या दारालाच चिकटवून ठेवलंय.

तुमच्याकडे भिंतीतून दोनच जाड वायर येत असतील आणि खोलीत इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटर असेल तर यातलं काहीच लावू नका. त्या वायरींत थेट २४० व्होल्ट असू शकतात. त्यासाठी मायसासारखे वेगळे थर्मोस्टॅट मिळतात.

नोव्हेंबर, दुसरा आठवडा

आईच्या खोलीत उशाजवळ, खिडकीपासून लांब, झिगबीचा (झेड-वेव्हसारखीच दुसरी रेडिओ पद्धत) तापमान सेन्सर ठेवला. आधी नुसता फर्नेसचा पंखा तासाला पंधरा मिनिटं फिरवून पाहिलं: ६३ चे ६४ झाले. खालच्या मजल्यावरच्या गरम हवेच्या दोन झडपा अर्ध्या लोटल्यावर ६५. बाकीचं ऑटोमेशनवर सोपवलं. रात्री नऊ ते सकाळी सहा दर अर्ध्या तासाला सेन्सर बघायचा, खोली ६७ च्या खाली असेल तर थर्मोस्टॅट एक अंशाने वर, पण ७१ च्या पुढे कधीच नाही. आणि सेन्सरकडून तासभर निरोप आला नाही तर सरळ ६८ वर परत. ही शेवटची ओळ विसरू नका. सेन्सरची बॅटरी ६४ दाखवत मेली तर फर्नेस रात्रभर त्या जुन्या आकड्यामागे धावेल.

रिले (विजेवर चालणारा स्विच) घेऊन ईएसपी ३२ या छोट्या वायफाय बोर्डावर स्वतःच थर्मोस्टॅट करावा का, असं दोघा वाचकांनी विचारलंय. दिव्यांच्या बाबतीत मी लगेच हो म्हटलं असतं, फर्नेसच्या बाबतीत नको. रिले बंद असताना बोर्ड हँग झाला तर जानेवारीत पाइप गोठतात, चालू असताना झाला तर फर्नेस थांबतच नाही.

पुण्यातला भाऊ स्प्लिट एसीवर हेच करू पाहतोय. तिथे या वायरी नाहीत, आयआर ब्लास्टर (रिमोटसारखे इन्फ्रारेड सिग्नल पाठवणारं यंत्र) आहे, आणि तो एकतर्फी बोलतो. एसी खरंच सुरू झाला का हे कळायला त्याने पॉवर मोजणारा प्लग लावलाय. सोळा अँपिअरचाच घे, असं त्याला बजावलंय.

नोव्हेंबर, शेवटचा शनिवार

काल रात्री मुद्दाम राउटर आणि रास्पबेरी पाय दोन्ही बंद करून झोपले. पहाटे पाचला उठून बघितलं: पॅसेज ६८, फर्नेस चालू, आईच्या खोलीत ६५. रास्पबेरी पाय सहानंतर सुरू केला, पण सात वाजेपर्यंत तापमान जागचं हललं नाही, कारण सहाला ऑटोमेशनची वेळ संपते. आई साडेपाचला उठते, मग अंघोळ, मग पूजा. वेळ आठपर्यंत वाढवलीय. तिच्या पलंगाशेजारी जुना टॅबलेट लावतेय: त्यावर खोलीचं तापमान सेल्सिअसमध्ये आणि दोनच मोठी बटणं, ‘ऊब वाढव’ आणि ‘पुरे’.