डॉक्टरांनी आधी आडनाव विचारलं

मुलगी आठ महिन्यांची असताना तिच्या डोक्यातून झबलं जाईना. शिवणारीचं माप चुकलं असेल म्हणून मी गळा उसवून दिला. लसीच्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी टेप लावली, ४७.५ सेंटिमीटर. पुन्हा लावली, तेवढंच. घरी सासूबाई खूश होत्या. ‘सिर बड़ा सरदार का,’ म्हणाल्या.

आम्ही अकोल्याचे अग्रवाल. चार पिढ्या इथेच गेल्या. घरात हिंदी, दुकानात वऱ्हाडी, आणि मी खामगावच्या मराठी शाळेत शिकलेली, म्हणून हे मराठीत लिहितेय.

पहिल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यात पाणी साचलंय, नळी टाकावी लागेल. ऑपरेशनची तारीखही ठरली होती. माझ्या मामांनी हट्टच धरला की आधी मुंबईला दाखवा. तारीख पुढे ढकलली, एमआरआय करून घेतला आणि विदर्भ एक्सप्रेस पकडली.

मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टांनी फिल्म उजेडावर धरली. मला वाटलं, आता लक्षणं विचारतील. त्यांनी विचारलं, ‘आडनाव काय?’ मग, ‘माहेरचं?’ तेही अग्रवालच. आमची पोर तोवर चौदा महिन्यांची झाली होती आणि त्यांच्या टेबलाचा पाय धरून उभी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, ‘नुसता एमआरआय बघितला असता, तर हे मूल उभं राहत असेल असं मी म्हटलं नसतं.’

या आजाराची खूणच ही. मेंदूतला पांढरा भाग सगळीकडे सुजलेला, कानशिलांच्या आत पाण्याच्या गाठी, आणि समोर हसणारं, खेळणारं मूल. नाव मेगालेनसेफॅलिक ल्युकोएन्सेफॅलोपथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स, एवढं लांब की डॉक्टरही एमएलसीच म्हणतात. मुंबईच्या डॉ. भीम सेन सिंघल यांनी १९९१ मध्ये अग्रवाल कुटुंबांतली अशी मुलं प्रथम मांडली. १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या मार्यो व्हान डर क्नाप यांनी आठ मुलांचं वर्णन केलं. म्हणून दोघांच्या नावानंही तो ओळखला जातो. (सिंघल हे आमच्या अठरा गोत्रांतलंच एक नाव, हे ऐकून सासरे पहिल्यांदा थोडे हसले.)

जनुक सापडलं २००१ मध्ये, बाविसाव्या गुणसूत्राच्या टोकाशी. त्याआधी ते जपानमधल्या कझुसा इथल्या यादीत केआयएए००२७ या नुसत्या क्रमांकानं पडून होतं. काम माहीत नसलेल्या जनुकांना तिथे असे नंबर देत. आजारावरून मग त्याचं नाव एमएलसी१ पडलं. म्हणजे ते बिघडलं की काय होतं, यावरून नाव ठेवलं. चांगलं असताना काय करतं, ते नावात नाहीच.

आडनावामुळे आमचं एक काम सोपं झालं. सगळी जनुकं वाचत बसावी लागली नाहीत, कारण अग्रवाल मुलांमध्ये बिघाड बहुतेक एकाच जागी असतो. कधीतरी कोणा एका पूर्वजात झालेली चूक पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली, हे २००४ मध्ये दाखवलं गेलंय. जनुकाच्या १३५व्या अक्षरापाशी एक ‘सी’ जास्तीचा. बस, एवढंच. जांभळ्या झाकणाच्या तीन नळ्या भरल्या, तिघांच्या. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. मुलगी होमोझायगस, आम्ही दोघं हेटरोझायगस. म्हणजे आमच्यात चुकीची एकेक प्रत, तिच्यात दोन्ही.

एका अक्षरानं एवढं काय बिघडतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते फार नंतर, तिला पहिलीचं वाचन घेताना. पुस्तकात बिनकान्यामात्र्याचे शब्द होते: गवत कमळ मगर बदक. जनुकही असंच तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, दर तीन अक्षरांमागे प्रथिनाचा एक दुवा. आता कमळाचा ‘क’ दोनदा पडला आणि वाचणारा तीन-तीननंच वाचत गेला, तर होतं: गवत ककम ळमग रबद. गवत तेवढं शाबूत राहिलं. एमएलसी१चं प्रथिन ३७७ दुव्यांची साखळी आहे. आमच्या मुलीत पंचेचाळिसाव्या दुव्यानंतर ळमग रबद सुरू होतं आणि थोड्या अंतरावर साखळीच थांबते.

रिपोर्टवरून घरात वाद झाला तो गोत्रावरून. सासरचं बंसल, माहेरचं गोयल. गोत्र सोडूनच लग्न केलं, मग हे कसं? समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी शांतपणे सांगितलं की गोत्र चालतं फक्त बापाकडून, जनुक मात्र आईकडूनही येतं, आजीकडूनही, आणि त्याला घराचं नाव कळत नाही. सासरे काही बोलले नाहीत. संध्याकाळी दुकानाच्या वहीवर त्यांना सात पिढ्यांची माहेरं लिहिताना मी पाहिलं. तिसऱ्या पिढीपाशीच अडकले. बायकांची माहेरं कोणी लिहूनच ठेवली नव्हती.

आणि प्रथिनाचं काम काय? मी प्रत्येक भेटीत विचारलं. उत्तर दर वेळी थोडं वाढायचं, पण पूर्ण कधीच व्हायचं नाही. मेंदूत चेतापेशींना सांभाळणाऱ्या ताऱ्यासारख्या पेशी असतात, अॅस्ट्रोसाइट. त्यांचे पाय रक्तवाहिन्यांना धरून असतात आणि एमएलसी१ तिथल्या आवरणात रुतून बसतं. ग्लायलकॅम नावाचं दुसरं प्रथिन त्याला तिथवर पोचवतं. त्या दुसऱ्याच्या जनुकातल्या बिघाडानंही असाच आजार होतो, हे २०११ मध्ये समजलं. पेशी फुगली की आतले क्षार आणि पाणी बाहेर सोडून पुन्हा आकारात येणं, या कामात एमएलसी१चा हात आहे. ते नसलं की पाणी अडून राहतं. पण ते स्वतः एखादी वाट आहे, की दुसऱ्या वाटांवरचा चौकीदार, हे अजून पक्कं नाही. एवढी हुशार माणसं फिल्म बघून आमचं आडनाव ओळखतात, आणि त्या प्रथिनाची नोकरी कुणाला नीट सांगता येत नाही! मला त्याचा राग यायचा. आता येत नाही, विचारणं मात्र सोडलेलं नाही. २०२० मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी उंदरांमध्ये चांगलं जनुक घालून सूज कमी केल्याचं छापून आलं. माणसांपर्यंत ते यायचंय.

तोवर काम एकच, डोकं सांभाळा. या मुलांना साधा मारही महागात पडतो, हे आम्हाला सांगितलेलं होतं. तरी चार वर्षांची असताना ती झोक्यावरून पडली. खोक नाही, रक्त नाही, साधं टेंगूळ. तासाभरात फिट आली आणि पुढे दोन दिवस ती ग्लानीत होती. शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं, पण चालायला पुन्हा महिना लागला. तेव्हापासून फिटचं औषध रोज आणि शाळेत सायकलचं हेल्मेट. पहिल्या दिवशी पोरं हसली. आठवड्यानं दोघं-तिघं स्वतःच्या घरचं हेल्मेट घालून आली. बाईंनी फोन करून मला सांगितलं, तेव्हा त्यांनाच हसू आवरत नव्हतं. ती अडखळत चालते, अक्षर वाकडं येतं, पण पाढे माझ्यापेक्षा पक्के.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आधीच ठरवून गेलो. प्रत्येक गर्भाला चारात एक धोका. बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन तपासायचं, सीव्हीएस. समोर पाटी, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’, आणि तिच्याखाली बसून मी फॉर्म जी, म्हणजे तपासणीचं संमतीपत्र, भरत होते. तो मराठीत होता. आतल्या खोलीत नेईपर्यंत तीनदा वाचला. मुलगा की मुलगी हे कळणार नाही, आजार आहे का एवढंच कळेल, हे सासूबाईंना समजावण्यात मात्र माझा अख्खा प्रवास गेला. बारा दिवसांनी फोन आला. एकच प्रत. आमच्यासारखाच.

दिराचं लग्न ठरतंय. तपासणीचा विषय काढला की घरात सगळ्यांना एकदम कामं आठवायची. ‘मुलीकडच्यांना कळलं तर?’ शेवटी तो कुणाला न सांगता जाऊन रक्त देऊन आला आणि रिपोर्ट माझ्याच मोबाइलवर पाठवला, खाली लिहिलं, ‘वहिनी, तुम्हीच उघडा.’ त्याच्यातही एक प्रत होती. मग त्यानंच मुलीला सांगितलं. तिनं एका दिवसाचा वेळ मागितला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, नळी कुठे पाठवायची. तिचा रिपोर्ट यायचाय.

धाकटा परवा आठ महिन्यांचा झाला. टेप मी काढली, पण धरायची होती ताईला. हेल्मेटसकट ती त्याच्यावर वाकली, आकड्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, ‘चव्वेचाळीस.’ मग टेप स्वतःच्या हेल्मेटभोवती गुंडाळायला लागली. पुरेना.