गिरणीवर हात ठेवल्यावानी

आजी आत आल्या तेव्हा पहिल्यांदा नजरेत भरली ती त्यांची डावी मूठ. पदर आणि पोलकं दोन्ही मुठीत धरून त्यांनी बरगडीपासून चार बोटं लांब ताणलं होतं. चप्पल काढताना, खुर्चीत टेकताना, माझ्याशी बोलतानाही ती मूठ सुटली नाही.

"चौदा महिनं झालं, असंच धरत्यात," सून म्हणाली. "कापड लागलं की वरडत्यात."

कराडला माझं दोन खाटांचं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. पाटण खोऱ्यातून एसटीनं येणारे पेशंट पुष्कळ, बहुतेक गुडघे आणि कंबर घेऊन येणारे. आजी आल्या होत्या नागीण घेऊन. म्हणजे नागीण कधीच बरी झाली होती, मागे उरली होती ती तिची आग. लहानपणी आलेल्या कांजण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात डोकं वर काढतो. तीच नागीण. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर चांगलं, पण आजींचा पहिला आठवडा गेरू लावण्यात आणि नागिणीची दोन तोंडं जुळतात की काय या धास्तीत गेला. ती जुळत नाहीत. तंतू एका बाजूचा असतो, तो बहुधा पाठीच्या कण्यापाशी सुरू होऊन छातीच्या मध्यावर थांबतो. पण हे रात्री दोन वाजता घाबरलेल्या घराला कोण सांगणार?

मज्जातंतूच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिन या गोळीनं आजींना गरगरायचं. एकदा गोठ्यात पडल्याही. मग फिजिशियननं डोस कमी केला आणि चिठ्ठीवर लिहून दिलं : टेन्स देऊन पाहा.

टेन्स म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट "करंट" म्हणतात ती गोष्ट. कातडीवर पॅड, आत सौम्य विजेचे ठोके. यामागचा विचार मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली मांडला. मी पेशंटला तो एसटीच्या दारावरून सांगते. स्पर्शाची खबर नेणारे तंतू जाड आणि चपळ, दुखण्याचे बारीक आणि सावकाश. जाड मंडळींनी दारात गर्दी केली की बारीक मंडळी स्टँडवरच राहतात. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो, तेही त्याचसाठी. आजींची पंचाईत अशी की त्यांच्या बरगडीवर दारातला कंडक्टरच फितूर झाला होता. साधा स्पर्शही तो दुखण्याच्या तिकिटावर आत सोडत होता.

पहिल्या दिवशी चूक माझी झाली. आधीच्या पेशंटचा गुडघा होता. त्याला मी दर सेकंदाला ४ ठोके आणि प्रत्येक ठोका २०० मायक्रोसेकंदांचा असं लावलं होतं. आजींसाठी ठोके १०० वर नेले, पण ठोक्याची रुंदी, म्हणजे एक ठोका किती वेळ टिकतो ते, बदलायची राहिली. वर एक पॅड दुखऱ्या भागाच्या अगदी कडेला बसवला. रुंद ठोक्यात जाड तंतूंबरोबर बारीक तंतूही जागे व्हायला लागतात. नेमकं नको तेच.

"आजी, बरं वाटतंय ना?"

"व्हय व्हय."

वीस मिनिटं झाली, मी पॅड काढले. तिसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला, "मॅडम, दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाय त्यांच्या."

"व्हय व्हय" हे उत्तर मी मागून घेतलं होतं. डॉक्टरीणबाईनं "बरं वाटतंय ना" विचारल्यावर आजींच्या पिढीत कुणी "नाही" म्हणत नाही. त्यातून करंट सोसला की गुण येतो असा समज पक्का. "वाढवा मॅडम, मला चालतंय" म्हणणारे गडी मी रोज बघते. सोसणं हा यातला भागच नाही, हे पटवता पटवता घसा बसतो.

पुढच्या खेपेला आजी आल्या त्या सुनेनं ओढून आणल्या म्हणून. मी यंत्राला हातच लावला नाही. कापसाचा बोळा, एक टाचणी आणि बॉलपेन घेतलं. निरोगी कातडीपासून हळूहळू आत सरकत गेले, आजी जिथे दचकल्या तिथे टिंब. पाऊण तास गेला. टिंबं जोडल्यावर बरगडीवर एक वेडावाकडा नकाशा तयार झाला. मधला तळहाताएवढा भाग बधिर, टाचणीही कळत नव्हती. भोवतीनं दोन बोटं रुंदीचा पट्टा, त्यावर कापसाचा तंतू टेकला तरी आग. बधिर भागावर पॅड लावून उपयोग नाही, उलट कातडी भाजली तरी कळायचं नाही. पट्ट्यावर लावणं म्हणजे पहिल्या दिवसाचीच चूक. राहिली पाठ. तोच तंतू कण्यातून जिथे बाहेर पडतो तिथे, कण्याच्या डाव्या अंगाला, चांगल्या कातडीवर एक पॅड आणि चार बोटं वर दुसरा. पेसमेकर नसल्याची खात्री आधीच केली होती. कातडीवर खोबरेल होतं, ते साबणाच्या पाण्यानं पुसलं. तेलावर करंट सारखा पसरत नाही, एखाद्या कोपऱ्यातून चावतो.

"दहापैकी किती दुखतंय?" हा आमचा ठरलेला प्रश्न. आजी म्हणाल्या, "धा कशाचं? रुपायातलं चवदा आणं दुखतंय बघ." मी कागदावर चौदा आणे लिहिलं.

मग यंत्र सुरू केलं. या वेळी "बरं वाटतंय का" नाही. "कशासारखं लागतंय?"

रुंदी १५०, ठोके १००. "कुसळं टोचल्यागत."

रुंदी ८० वर आणली. "आता खाजकुयली."

ठोके ४ वर नेऊन पाहिले, आजींना नक्की काय आवडत नाही ते कळावं म्हणून. "कोन टिचक्या मारतंय गं?" आणि स्वतःच हसल्या. चौदा महिन्यांत त्या हसल्याचं आठवत नाही, असं सून म्हणाली. सुनांच्या बोलण्यातली चार आणे अतिशयोक्ती मी वजा करते, तरी हसल्या खऱ्या.

पुन्हा १००, रुंदी ६०. करंट अगदी शून्यापासून, अर्ध्या अर्ध्या मिलिअँपियरनं वर. १२ वर काही नाही. १४ वर "आलं कायतरी". १६ वर आजींनी डोळे मिटले.

"गिरणीवर हात ठेवल्यावानी. दळान चालू असतंय न्हवं, तवा डब्यावर हात ठेव. तसं."

तिथेच थांबले. बरगडीवर मुंग्या पोचल्या होत्या आणि पॅड मात्र पाठीवर होते. दहा मिनिटांनी "गिरणी लांब गेली" म्हणाल्या. शरीराला सवय होते, मुंग्या विरतात, हे ठरलेलंच. अर्धा मिलिअँपियर वाढवला आणि ठोके आपोआप कमीजास्त होत राहतील असा मोड लावला.

शेजारच्या खाटेवर एका गुरुजींचा जखडलेला खांदा वाट बघत होता. तो उरकून परत आले तर आजी उजव्या कुशीवर घोरत होत्या. डावा हात उशाशी उघडा पडला होता. पदर सरळ बरगडीवर. सून तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत उभी होती. दोनची पाटण गाडी गेली. कुणीच उठवलं नाही.

उठल्यावर आजी म्हणाल्या, "सा आणं."

यंत्र काढल्यावर तासाभरात आग परत आली, दहा आण्यांवर. टेन्स असंच वागतं. लावलं असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ. सगळ्यांना लागू पडतं असंही नाही, याच दुखण्याच्या दोघांना माझ्याकडे काडीचाही फरक पडला नव्हता. आजींना मी बॅटरीचं छोटं यंत्र महिनाभर घरी वापरायला दिलं. सुनेच्या मोबाइलमध्ये पाठीचा फोटो, त्यावर पॅडच्या जागा. दिवसातून तीनदा अर्धा अर्धा तास, एक सत्र झोपण्याआधी. मानेच्या पुढे कधीच लावायचं नाही, छातीवर आणि पाठीवर समोरासमोर नाही. रुंदी आणि ठोक्यांच्या बटणांवर मी चिकटपट्टी लावली. फिरवायचं ते एकच बटण, आणि तेही आजींनीच.

तीन आठवड्यांनी सकाळी सुनेचा फोन. मागून आजींचा आवाज येत होता.

"मॅडम, ह्या म्हनत्यात गिरणी चालंना."

"दिवा लागतोय का यंत्राचा?"

"लागतुया की."

"मग पॅड सुकले असतील. चिकट बाजूला बोटानं पाण्याचा थेंब फिरवा आणि दोन मिनिटं थांबून लावा."

फोन तसाच चालू राहिला. भांड्यांचा आवाज, कोंबड्या, मग बराच वेळ काही नाही.

"आली," मागून आजी म्हणाल्या.