नीमू ते लामायुरू: दोन खंडांच्या सांध्यावरून

लडाखला जाणारे बहुतेक जण खिंडी आणि सरोवरं मोजत फिरतात. आम्ही मात्र लेहहून पश्चिमेला, सिंधूच्या काठाने निघालो, कारण भारत आणि आशिया जिथे एकमेकांना भिडले तो सांधा याच खोऱ्यातून जातो.

तयारी लेहमधूनच सुरू करा. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानाने आलात तर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या. श्रीनगर-कारगिलमार्गे आलात तर उंची हळूहळू अंगवळणी पडते, म्हणून मला तो रस्ता जास्त पटतो. विश्रांतीच्या दिवसांतही बघण्यासारखं खूप आहे. गावामागच्या करड्या-पांढऱ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांत काळपट ठिपके आणि मोठाले डाग दिसतात, ते जवळ जाऊन बघा. भारत येऊन धडकण्याआधी मधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाच्या कडेखाली सरकत होता. तेव्हा खोलवर जो शिलारस तयार झाला, त्यातून पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी हा ग्रॅनाइट थिजला. म्हणजे लेहमध्ये तुम्ही आशियाच्या जुन्या काठावर उभे असता. समोर, सिंधूपलीकडे, स्टोकची रांग दिसते. तिचे खडक थराथरांचे, लालसर-जांभळे. इकडच्या ग्रॅनाइटशी त्यांचं काहीच साम्य नाही.

ते थर हाताच्या अंतरावर बघायचे असतील तर नीमू गावाजवळ सिंधू आणि झंस्कार नद्यांच्या संगमापाशी डावीकडे वळून चिलिंगचा रस्ता धरा. माझ्या मते या प्रवासातला हाच सर्वांत मोलाचा टप्पा आहे, त्यासाठी अख्खा दिवस ठेवा. झंस्कार नदी इथे डोंगररांगेला आडवी कापत येते, त्यामुळे रांगेचा उभा छेदच समोर उघडा पडतो. तांबडे, हिरवे, जांभळे थर कुठे भिंतीसारखे सरळ उभे, तर कुठे घडी पडून उलटे वळलेले. नदीने आडवा पसरलेला गाळ असा उभा राहायचा तर दोन्ही बाजूंनी केवढा दाब पडला असेल!

एका वळणावर गाडी थांबवून आम्ही पिंडाश्माच्या थराला हात लावला. मुठीएवढे गुळगुळीत गोटे वाळूत घट्ट बसलेले, आणि त्यांत ग्रॅनाइटचेही गोटे. उत्तरेचा डोंगर वर येत असतानाच झिजत होता. नद्यांनी त्याचे तुकडे इथे आणून टाकले आणि पुढच्या रेट्यात त्या गाळाचीच डोंगररांग झाली. पर्वत आधी पूर्ण उभा राहतो आणि मग झिजायला लागतो, असं आपण शाळेपासून धरून चालतो. इथे एकाच दगडात दोन्ही कामं सोबत चाललेली दिसतात. आणि ती थांबलेली नाहीत. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला चार-पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतोय, आणि ऐन उन्हाळ्यात झंस्कारचं गढूळ पाणी डोंगर वाहून नेताना डोळ्यांना दिसतं. सिंधूने असा नेलेला गाळ अरबी समुद्राच्या तळाशी काही किलोमीटर जाडीने साचला आहे.

या रस्त्यावर सकाळी लवकर जा. दुपारी वारा सुटला की कड्यावरून दगड सुटतात, पाऊस झाला असेल तर जाऊच नका. कड्याखाली गाडी उभी करू नका. थांबे घ्यायचे आहेत हे चालकाला निघतानाच सांगा, नाहीतर तो प्रेक्षणीय स्थळांच्या हिशेबाने गाडी पळवतो. पाणी, गॉगल आणि जमल्यास एक भिंग सोबत ठेवा. हातोडी नको. मणी-भिंतींवरच्या, म्हणजे बौद्ध मंत्र कोरलेले दगड रचून केलेल्या भिंतींवरच्या, कोरीव दगडांना तर हातही लावू नये.

खाल्त्सेनंतर रस्ता सिंधू सोडून घळीत शिरतो. लामायुरूच्या आसपास काळपट, चुरा होणारे शेल, म्हणजे चिखलाचे झालेले दगड, लागतात. हा भारताच्या बाजूचा, खोल समुद्रात साचलेला चिखल. म्हणजे लेहपासून इथवर येताना तुम्ही आशियाचा काठ सोडून भारताच्या काठावर आलेले असता, मधला समुद्र पार चेपला गेला आहे.

लामायुरूची पिवळसर ‘चंद्रभूमी’ सगळ्यांच्या फोटोत असते, पण ती खंडांच्या टकरीत घडलेली नाही. दरीत अडलेल्या पाण्याचं हजारो वर्षांपूर्वी तळं झालं, त्याचा हा गाळ. तो इतका भुसभुशीत आहे की पावसाच्या ओघळांनी त्याला असंख्य घळ्या पाडल्या आहेत. त्याच्या कडेवर चढू नका, पायाखालची माती सुटते. फोटोसाठी उन्हं कलल्यावरची वेळ उत्तम, तेव्हा घळ्यांच्या सावल्या स्पष्ट पडतात. मुक्काम लामायुरूलाच करा. दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर फोतू लापर्यंत जाऊन या. ४,१०८ मीटरची ही खिंड श्रीनगर-लेह रस्त्यावरची सर्वांत उंच जागा आहे. वर वारा बोचरा असतो, तेव्हा जाकीट गाडीच्या डिकीत न टाकता हाताशी ठेवा.